अप-डाउनचा रकाना

पृथ्वीच्या पोटात काय चाललं आहे याचा थांग लावणं हे मानवी बुद्धीचं सर्वांत थोर साहस आहे. हे वाक्य सुषमा कोळपे हिच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर नऊ वर्षांपासून होतं. शेवटच्या पानावर काय लिहायचं ते अजून ठरायचं होतं, आणि नऊ वर्षांनंतर विद्यापीठ कुणासाठी थांबत नाही.

हे थोर साहस पाटसच्या अलीकडे, पुणे-सोलापूर रस्त्याला लागून असलेल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या तळमजल्यावर चालू होतं. खोलीत तीन कॉम्प्युटर, एक एसी आणि एसीखाली एक बादली होती. बादली एसीइतकीच जुनी होती आणि एसीपेक्षा नियमित काम करत होती.

त्या भागातली जमीन तशी शांत. भूकंपाचं विचारलं तर लोक किल्लारीचं सांगतात, आणि तेही त्या पहाटे आपण कुठे झोपलो होतो आणि मांडणीवरची कोणती भांडी वाजली, एवढंच. अशा ठिकाणी भूकंपाचा अभ्यास करायचा तर भूकंप स्वतःच करावा लागतो. संस्थेची महाविद्यालयं दोन होती, एक हे आणि दुसरं शिरूरला. संशोधन दोन्हीकडे व्हावं अशी संस्थाचालकांची इच्छा होती, विषय मात्र एकच सुचला. म्हणून एकच भूकंप दोन्हीकडे करायचं ठरलं.

दोन्हीकडच्या कॉम्प्युटरांत दोन वेगळे प्रोग्रॅम होते. दोघांना सांगायचं, की समजा अमुक ठिकाणी, अमुक खोलीवर खडक फुटला, तर वरची जमीन कशी हलेल ते सांगा. प्रत्येक प्रोग्रॅम आपापल्या वेगाने दळण दळून तीन वेड्यावाकड्या रेघा देई. जमीन तीन दिशांनी हलते, उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम आणि खाली-वर, म्हणून तीन. शिरूरच्या तीन, इकडच्या, म्हणजे दौंड तालुक्यातल्या या कॉलेजच्या तीन; या खोलीला सगळे दौंडच म्हणत. या रेघा एकमेकींशी किती जुळतात हे मोजायचं काम सुषमाचं. नुसती एकीवर एक ठेवून मान हलवायची नव्हती. धक्का किती जोराचा, सुरू कधी झाला, किती वेळ टिकला, कसा ओसरला, बैठ्या घराला किती हलवलं आणि पाण्याच्या टाकीला किती, या प्रत्येकाला दहापैकी गुण द्यायचे आणि सरासरी काढायची. आठच्या वर उत्तम. चारच्या खाली म्हणजे दोन्ही प्रोग्रॅम दोन वेगळ्या भूकंपांबद्दल बोलत आहेत.

सुषमाचे वडील मल्हारी कोळपे यांना हे सगळं तिने अनेकदा समजावून सांगितलं होतं. त्यांच्या वडलांपर्यंत घराणं मेंढरांमागे फिरलं, मल्हारींच्या वेळेला वरवंडला स्थिरावलं आणि उसाला लागलं. चार मेंढ्या त्यांनी अजून ठेवल्या होत्या. का, ते कुणी विचारत नसे.

“मग त्यो भूकंप आला कवा?” ते दर वेळी पहिल्यापासून सुरू करत.

“आला नाही, आबा. आला तर कसा येईल ते बघायचं.”

“आन् शिरूरवाल्यांकडं?”

“त्यांच्याकडेही नाही आला.”

“मग भांडान कशाचं हाय?”

“दोन्ही जुळत नाहीत.”

“दोन्ही आलं न्हाईत, आन् जुळत बी न्हाईत,” मल्हारी म्हणाले. त्यांनी हे मनात दोनदा फिरवून पाहिलं. “गुण किती पडलं?”

“दहापैकी पावणेपाच.”

“आपल्यात छत्तीसपैकी बघत्यात. तुझं एकतीस जुळलं व्हतं.”

“हो.”

“मग काय झालं त्याचं?”

“तुम्हाला माहितीय काय झालं ते. भाकरी खाऊन घ्या.”

पावणेपाच ही सरासरी होती. तपशील याहून वाईट होता. प्रत्येक निकालाच्या फाईलमध्ये तीन रकाने असत, त्यांची नावं शिरूरच्या सुवर्णा गव्हाणे मॅडमनी पहिल्या वर्षीच ठरवून पाठवली होती: एक, दोन आणि अप-डाउन. पैकी एक नंबरचा रकाना दर वेळी साडेआठच्या घरात जाई. दोन नंबर आणि अप-डाउन हे तीनच्या पुढे सरकत नसत. सुषमाने भूकंप लहान करून पाहिला, मोठा करून पाहिला, एकदा तर थेट भीमेच्या पात्राखाली नेऊन पाहिला. एक जुळे, बाकीचे दोन जुळत नसत. त्या दोन रकान्यांनी तिच्या डोक्यावरचे केस पांढरे केले असं म्हणता येणार नाही, कारण ते आधीपासूनच व्हायला लागले होते, पण त्यांनी वेग वाढवला.

तिचे मार्गदर्शक डॉ. पोपटराव ढमढेरे हे त्या महाविद्यालयाचे प्राचार्यही होते. सकाळी ते थकलेले येत आणि दिवसभरात त्यात भर टाकत. सुरुवातीला त्यांनी या न जुळण्याकडे दुर्लक्ष केलं. मग एके दिवशी त्यांना त्यात सिद्धान्त दिसला. रेघा जुळत नाहीत याचा अर्थ चूक आहे असा का घ्यायचा? दख्खनचं पठार लाव्हाच्या थरांवर थर साचून झालेलं आहे. ते एका दिशेने शिस्तीत वागत असेल आणि बाकीच्या दोन दिशांनी मनाप्रमाणे वागत असेल. या गोष्टीला त्यांनी ‘दख्खनच्या पठाराचं दिशाभेदी वर्तन’ असं नाव दिलं. त्यावर दोन निबंध छापून आले, गोव्याला एका परिषदेत भाषण झालं, आणि संस्थेने वर्धापनदिनी शाल आणि नारळ दिला. सुषमाच्या प्रबंधातलं पाचवं प्रकरण याच वर्तनावर होतं. सगळ्यांत जाड प्रकरण तेच होतं.

पठाराने याला कधी हरकत घेतली नाही. हरकत घेतली ती बाहेरून आलेल्या तपासणी समितीने. दोन मान्यताप्राप्त प्रोग्रॅम एकाच भूकंपाबद्दल इतकं वेगळं बोलत असतील, तर मोजणाऱ्याचं काहीतरी चुकतं आहे, असं त्यांनी लिहिलं. सरासरी आठच्या वर आणा, मगच प्रबंध घेऊ. आणि तो महिनाअखेरपर्यंत आणा, कारण नोंदणी तेव्हाच संपते.

नोंदणी संपली असती तरी सुषमाची नोकरी जाणार नव्हती. संस्था कुणाला काढत नाही, हलवते. पीएचडी नसलेल्यांना शिरूरला डिप्लोमाच्या पहिल्या वर्षावर पाठवायचं धोरण होतं. तिथे मुलांना नकाशे काढायचा टी-स्क्वेअर कसा धरायचा ते शिकवायचं, निवृत्तीपर्यंत. सुषमाला टी-स्क्वेअरची भीती नव्हती. वरवंडहून शिरूर म्हणजे चौफुला, केडगाव, पारगावचा पूल, न्हावरा, आणि कारखाने चालू झाले की उसाच्या दोन-दोन ट्रेलरच्या मागे रांगत जायचं. उजाडताना निघायचं आणि दिवेलागणीला परतायचं. आत्ताचं कॉलेज घरापासून स्कूटीवर हाकेच्या अंतरावर होतं. दुपारच्या सुट्टीत ती घरी येई, आबांच्या डोळ्यांत थेंब टाकी, साखरेची गोळी देई, जेवले की नाही ते पाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर त्यांना उजव्या बाजूचं नीट दिसत नव्हतं. मागच्या उन्हाळ्यात ते गोठ्यात पडले. ती दुपारी आली तेव्हा चारही मेंढ्या त्यांच्याभोवती उभ्या होत्या आणि ते त्यांना आपल्याला उठवायला सांगत होते. दुपारी आली म्हणून बरं झालं, एवढंच डॉक्टर म्हणाले होते.

तेव्हा तिला आठ हवे होते ते दुपारी घरी जाता यावं म्हणून. मानवी बुद्धीचं साहस वगैरे नंतर.

“कोळपे मॅडम,” ढमढेरे सर म्हणाले, “रेघा जरा गुळगुळीत करा.”

“किती सर?”

“जुळेपर्यंत.”

यात बेकायदा काही नव्हतं. रेघेतली बारीक थरथर काढून टाकायची सोय प्रत्येक प्रोग्रॅममध्ये असते आणि प्रत्येक जण ती थोडीफार वापरतो. सुषमाने थोडीफार वापरली. साडेपाच झाले. आणखी वापरली. साडेसहा. मग तिने हात सैल सोडला. शेवटी पडद्यावर दोन रेघा उरल्या त्या साड्या वाळत घालायच्या दोऱ्यांसारख्या होत्या, मध्ये थोड्या झोळलेल्या. दोऱ्या एकमेकींशी उत्तम जुळत होत्या. आठ पूर्णांक एक.

“सर, एवढं केल्यावर त्यात भूकंप उरत नाही.”

“भूकंप उरला पाहिजे असं समितीने कुठे म्हटलंय?” सरांनी विचारलं. त्यांनी खरंच विचारलं होतं. समितीचं पत्र त्यांनी पुन्हा काढून पाहिलं. तसं कुठे म्हटलेलं नव्हतं.

सुषमाने दोऱ्यांच्या प्रती छापायला टाकल्या. प्रिंटरने मधेच कागद अडकवला, तो तिने ओढून काढला, पुन्हा टाकला. तिला वाईट वाटत होतं का? वाटत असणार. पण ते कुठेतरी आत, पाठदुखीच्या मागे होतं, आणि पाठदुखीचा नंबर आधी होता.

दुपारनंतर ती चहाला बाहेर आली. कॉलेजच्या फाटकासमोर हायवेच्या कडेला एक टपरी आहे. तिथल्या बाकावर भारत शितोळे बसले होते. दौंडकडचा प्रोग्रॅम चालवायचं काम पहिल्यापासून त्यांचं. शितोळे सर दौंडच्या रेल्वे क्वार्टरमध्ये जन्मले आणि तिथेच वाढले, वडील मालगाडीचे गार्ड होते. ते रोज दौंडहून मोटरसायकलवर येत, आणि गाडीच्या आवाजावरून ती कुठली हे सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत.

“झाले म्हणं आठ?” त्यांनी सरकून जागा करून दिली.

“झाले.”

“मग तोंड का असं? पेढं तर लांबच, चहा बी तुम्ही सांगंनात.”

“सांगा हो दोन चहा,” सुषमा म्हणाली. “ते आठ बाहेरच्या माणसाने नीट बघितले तर टिकायचे नाहीत. त्याने विचारलं की थरथर कुठे गेली, तर मी काय सांगू? वाळत घातली?”

“न्हाई बघत कुणी. बघायचं असतं तर इतकी वर्सं…” भारत थांबले. “म्हंजी आपण बघतोच की. तसं न्हाई म्हणत मी.”

लांब रुळांवरून एक मालगाडी गेली. भारतनी कान दिला. “डाउन हाय,” ते म्हणाले. “रिकामी.”

“मला आत्तापासून सवय करायला हवी,” सुषमा म्हणाली. “शिरूरची बॅग भरून ठेवते. म्हातारपणी अप-डाउन नशिबात दिसतंय.”

“त्याला अप-डाउन न्हाई म्हणायचं मॅडम.”

“मग काय म्हणायचं?”

“वरवंड-शिरूर म्हंजी उत्तर-दक्षिण झालं. अप-डाउन म्हंजी पुणं-सोलापूर. पुण्याकडं जाणारी अप, सोलापूरकडं जाणारी डाउन. आता लोक कशालाबी अप-डाउन म्हणत्यात. परवा एक जण म्हणतो, मी दौंड-काष्टी अप-डाउन करतो. म्हटलं, लेका, ती मनमाडची लाईन. तुमचं शिरूरचं तर एक नंबरच्या रकान्यात पडंल.”

सुषमाने कप बाकावर ठेवला. तो नीट बसला नाही, थोडा चहा सांडला.

“शितोळे सर,” ती म्हणाली, “आपल्या फाईलमध्ये अप-डाउनच्या रकान्यात तुम्ही काय भरता?”

“पुणं-सोलापूर.”

“म्हणजे पूर्व-पश्चिम हालचाल.”

“व्हय. अगदी पूर्व-पश्चिम न्हाई, लाईन जरा तिरकी हाय, पण चालतंय तेवढं.”

“आणि जमिनीची खाली-वर हालचाल?”

“ती उरती. ती दोन नंबरला.” तिच्या चेहऱ्याकडे पाहून भारत सावकाश बोलायला लागले. “मला वाटलं सुवर्णा मॅडमनी दौंडचा विचार करून नाव दिलंय. मनात म्हटलं, बाई हुशार हाय. रेल्वेची लाईन दिशा म्हणून घेतली.”

“कधीपासून?”

“पहिल्यापासून. का वो?”

सुषमाने फोन काढला. शिरूरला सुवर्णा गव्हाणे तास संपवून स्टाफरूममध्ये आल्या होत्या, मागे कुणाच्या तरी वाढदिवसाची गडबड ऐकू येत होती.

“सुवर्णा मॅडम, अप-डाउनच्या रकान्यात तुमच्याकडे काय असतं?”

“अप-डाउन म्हणजे वर-खाली. जमीन वर जाते, खाली येते. दुसरं काय असणार?”

“इथे पुणे-सोलापूर आहे.”

मागे वाढदिवसाच्या टाळ्या पडल्या.

“पण का?”

“रेल्वेमुळे.”

“आमच्याकडे रेल्वे नाही हो,” सुवर्णा मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज ओशाळला होता, शिरूरने ती वेळेत आणून घ्यायला हवी होती अशासारखा.

खोलीत येऊन भारतनी दौंडच्या फाईलमधल्या दोन रकान्यांची अदलाबदल केली. त्याला काही वेळ लागला नाही. सुषमाने गुळगुळीत करण्याची सोय पूर्ण बंद केली, सगळी थरथर परत आणली, आणि मोजायला लावलं. एक नंबर पूर्वीइतकाच. दोन नंबर, नऊच्या वर. अप-डाउन, नऊच्या वर. सरासरी नऊ पूर्णांक दोन. पडद्यावर शिरूरची निळी रेघ आणि दौंडची लाल रेघ इतक्या एकीत एक गेल्या होत्या की मधेमधे जांभळं दिसत होतं. दोन प्रोग्रॅम इतकी वर्षं एकच गोष्ट सांगत होते. शिरूरची उभी हालचाल दौंडच्या आडव्या हालचालीशी जुळवून पाहिली जात होती, आणि ती जुळत नाही म्हणून दख्खनच्या पठाराला दोष लागत होता.

बादलीत एसीचं पाणी पडत होतं.

“खाली-वर असं लिहायचं ना मराठीत,” भारत म्हणाले. “जमीन खाली-वर व्हती म्हणत्यात. अप-डाउन गाडी व्हती.”

“हो.”

“पार्टी मागावी का माफी मागावी, कळंना.”

“पाचवं प्रकरण मेलं,” सुषमा म्हणाली. “तेराव्याला जेवू.”

ढमढेरे सरांनी नवे आकडे पाहिले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा पाहिले. आकडे तेच होते. सुषमाने त्यांना रेल्वेचं सांगितलं. खिडकीतून हायवे दिसत होता, ते तिकडे बघत होते.

“म्हणजे दख्खनचं पठार…”

“ते ठीक आहे सर. त्याचं काही नाही.”

“मी गोव्यात बोललो यावर.”

“हो सर.”

“लोकांनी प्रश्न विचारले होते. एका जपानी माणसाने वहीत लिहून घेतलं.” सर थांबले. “दोन्ही ठेवता येणार नाही का? जुळतं, पण दिशाभेदाने जुळतं, असं काही?”

“नाही सर. सगळ्या दिशांनी जुळतंय.”

“सगळ्याच?”

“सगळ्याच.”

त्यांनी मान हलवली. त्यांचं दुःख खरं होतं. माणसाला आयुष्यात एखादाच सिद्धान्त सुचतो, आणि त्यांचा एका गार्डच्या मुलाच्या व्यवस्थित बालपणातून निघाला होता.

“मग काढा पाचवं,” ते शेवटी म्हणाले. “सहाव्याला पाचवं म्हणा. पानं कमी पडतील तर तिसऱ्यातले आलेख मोठे करा. आणि चूक कशी झाली ते लिहू नका. लिहायचंच असेल तर ‘संज्ञांचे प्रमाणीकरण’ असं लिहा.”

सुषमाने तसं लिहिलं. खाली तळटीपेत, बारीक अक्षरात, ‘अप-डाउन’ या शब्दाचा दौंड तालुक्यातला अर्थही दिला. तळटीप सरांनी वाचली नाही. दोऱ्यांच्या छापील प्रती तिने पाठकोऱ्या कागदांच्या गठ्ठ्यात टाकल्या.

प्रबंध वेळेत गेला. यथावकाश तोंडी परीक्षा ठरली. बाहेरचे परीक्षक रात्रीच्या गाडीने दौंडला उतरले होते आणि त्यांची झोप झालेली नव्हती. ढमढेरे सरांची त्यांच्याआधीपासूनच झालेली नव्हती. मागच्या रांगेत संस्थेचे सचिव जगदाळे बसले होते, ते पाहुण्यांच्या मानाखातर आले होते आणि डोळे मिटून ऐकत होते. सुषमाने निळ्या-लाल रेघा दाखवल्या, गुण कसे दिले ते सांगितलं, सरासरी सांगितली. परीक्षकांनी पानं उलटली. तळटीप त्यांनी वाचली, कारण ते पुन्हा मागे गेले आणि एकटेच हसले. सुषमाला बऱ्याच दिवसांनी बरं वाटलं.

“चांगलं काम आहे,” ते म्हणाले. “शंकाच नको इतकं जुळतंय. मला एकच विचारायचंय. दोन्ही इतकं सारखंच सांगत असतील, तर पुढे दोन्ही कशाला चालवायचे? एक पुरेल की.”

“एकाने दुसरा तपासता येतो, सर.”

“ते तर तुम्ही तपासलंत. झालं ना?”

सगळे हसले. सुषमाही हसली, परीक्षक हसल्यावर उमेदवाराने हसायचं असतं. मागच्या रांगेत जगदाळे साहेबांनी डोळे उघडले आणि शेजाऱ्याकडून पेन मागून घेतलं.

संध्याकाळी ती डॉक्टर होऊन घरी आली. मल्हारी अंगणात बसले होते. तिने पेढा त्यांच्या हातावर ठेवला, मग त्यातला अर्धा काढून घेतला.

“जुळलं?”

“जुळलं. नऊ पूर्णांक दोन.”

“छत्तीसात किती झालं?”

तिने हिशेब केला. “तेहतीस.”

“चांगलं हाय,” मल्हारी म्हणाले. “एकतिसापरीस चांगलं हाय.” त्यांनी पेढा संपवला. “पर त्यो भूकंप काय अजून आला न्हाई.”

“नाही.”

“मग डाक्टर कशाची झालीस?”

“तो आलाच, तर दोन्हीकडे सारखाच येईल, एवढं सांगू शकते.”

“ते बी कमी न्हाई,” ते म्हणाले आणि मेंढ्यांकडे वळले.

संस्थेची बैठक पुढच्याच आठवड्यात झाली. दौंड आणि शिरूर येथील प्रयोगशाळांचे निष्कर्ष तंतोतंत जुळत असल्याचे तज्ज्ञांनी प्रमाणित केले असल्याने, असं सचिवांच्या पत्रात होतं, दोहोंपैकी एक प्रयोगशाळा अतिरिक्त ठरते. रांजणगावचे कारखाने जवळ, तिथून काही कामं मिळतील, म्हणून शिरूरची ठेवायची. दौंडच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे ठेवायचे. प्रयोगशाळेत पीएचडी असणं आवश्यक आहे आणि प्राचार्य सोडले तर संस्थेकडे या विषयातली ती एकच आहे, म्हणून डॉ. सुषमा कोळपे यांनी सोमवारी शिरूरला रुजू व्हावं. पत्रात त्यांचं अभिनंदनही होतं. भारत शितोळे यांना प्रवेश विभागात घेतलं होतं.

ढमढेरे सरांनी पत्र तिच्या हातात दिलं. “मी बोलून बघितलं,” ते म्हणाले. बघितलं असावं. “बादली तिकडे लागेल का तुम्हाला?”

“तिकडचा एसी चांगला आहे सर.”

खोली रिकामी करताना भारतनी वायर गुंडाळत गुंडाळत विचार केला.

“म्हंजी आठ न्हाई पडले तर शिरूर,” ते म्हणाले, “आन् नऊ पडले तरी शिरूर.”

“हो.”

“दहापैकी दहा जुळलं की वो मॅडम.”

सुषमाने कॉम्प्युटरवर चादर घातली. दुपारच्या थेंबांचं तिने शेजारच्या भामाबाईंना सांगून ठेवलं होतं. भामाबाई हो म्हणाल्या, पण त्यांनाही एका डोळ्याने कमीच दिसतं, तेव्हा थेंब कुठे पडतात ते आबाच सांगतील. गोठ्याला तिने बाहेरून कडी लावून घेतली. आबांनी ती काढली, मेंढ्या बाहेर कशा येणार म्हणून.

शिरूरला रेल्वे नाही. वरवंडहून थेट एसटीही नाही. चौफुल्याला बदलावी लागते.